दोन वह्यांतली कैफियत

सकाळी मिरामारला कायदा,
दुपारी ताळगावच्या पठारावर इतिहास.
मधल्या बसमध्ये कागदात गुंडाळलेला मिरची-पाव;
त्याचं तेल नेहमी कायद्याच्याच वहीला लागतं,
का कोण जाणे.

कायद्याच्या वहीत कैफियत म्हणजे
प्रतिवादीनं तीस दिवसांत द्यायचं उत्तर.
इतिहासाच्या वहीत कैफियत म्हणजे
कुणीतरी वरून विचारल्यावर
गावानं सांगितलेली स्वतःची हकीकत.
तिला तीस दिवस लागोत की तीनशे वर्षं,
उशीर माफ करा, असा अर्ज लागत नाही.

कुंकळ्येकर बाई म्हणतात,
आधी बघा ताबा कुणाचा.
आबेल सर म्हणतात,
आधी बघा कागद कुणाच्या हातचा,
आणि शाईचे पैसे कुणी दिले.
सहामाहीला मी घाईत
सरांचं उत्तर बाईंच्या पेपरात लिहून आले.
नापास नाही केलं. लाल शाईत एवढंच:
'सुंदर. पण मागणी काय?'

ते मला अजून सुचलेलं नाही.

इरासेमा माझ्या बाकावर बसते.
तिच्या आजोबांच्या भाटात, नार्व्याला,
माडांच्या तिसऱ्या ओळीमागं आमचं घर.
म्हणजे आम्ही मुंडकार, ती भाटकारांची नात,
आणि मामलेदाराकडची आमची केस
माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
तिला तारखा मिळतात, मला वाढदिवस.
आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही.
ती मला पोर्तुगीज वाचून दाखवते,
मी तिला मोडी.
मुंडकार कायद्याचा धडा आला त्या दिवशी
ती उगाचच खिडकीबाहेर बघत राहिली
आणि मी सगळी कलमं
नको तितक्या सुबक अक्षरात उतरवली.

शनिवारी पणजीला, दफ्तरखान्यात,
गावकारीच्या हिशेबाचं एक बाड निघालं.
बाबलनं ते तान्हं मूल द्यावं तसं हातात दिलं.
म्हणाला, दाबून उलटू नका, कागद दमलाय.
बांधाची दुरुस्ती, मानशीच्या दाराला नवी फळी,
राखणदाराला भात इतके कुडव,
आणि मग आमचा कोपरा:
ओहळ, दोन फणस, वारुळाच्या पूर्वेची जमीन
'गांव

पुढं भोक.
कसर लागलेली. बोटभर लांब,
कडा बारीक कुरतडलेल्या.

इरासेमा वाकली. मीही वाकले.
गांवची? गांवकारांची?
गांवस, म्हणजे आमचं आडनाव?
ती हळू म्हणाली, बाटण्याआधी
आमचेही कुणीतरी गांवकारच असतील ना.
मग आम्ही दोघी हसलो, मोठ्यानं,
आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूस
भिंगातून आमच्याकडं बघत राहिला.

आबेल सर याची तळटीप करतील.
बाई म्हणतील, अपूर्ण दस्तऐवज, वजन शून्य.
मी त्या भोकाची नक्कल काढली, पेन्सिलीनं,
जसं आहे तसं, कुरतडलेल्या कडांसकट.
इरासेमानं बाजूला माप लिहिलं,
तारीख घातली, बाडाचा क्रमांक घातला,
खाली सही केली.
मग म्हणाली, तूही कर.
साक्षीदार दोन लागतात.

फेरीत बाबांचा फोन.
'गावलं काय गो?'
गावलं, मी म्हटलं, अर्धं.
थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं,
त्यांना माझ्याकडचं, मला माझ्याकडचंच.
मग ते म्हणाले,
'अर्धं चलता काय थंय?'

दोन्ही वह्या मांडीवर होत्या.
मी दोन्हीही उघडल्या नाहीत.
सोमवारी तारीख आहे.
केस सव्वीस पूर्ण करते.